डावा डोळा आणि आंटी लोपीस

जाहीर निवेदन.

शारजातील अल मजाज भागात, लगूनच्या समोर असलेल्या आमच्या चोवीस मजली इमारतीतील सर्व रहिवासी, त्यांची मुले, नातूर म्हणजे आपला वॉचमन, लिफ्ट दुरुस्त करायला येणारे व दर वेळी न करताच जाणारे दोघे, तसेच तळमजल्यावरचा लाँड्रीवाला या सर्वांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, मी माझ्या पत्नीला गोळी घालण्यासाठी अमेरिकेला जात नाही. आमच्याकडे कुत्रा नाही. सबब त्यालाही गोळी घालण्याचा प्रश्न उद्भवत नाही. कृपया अफवांवर विश्वास ठेवू नये. आपला नम्र, आगुस्तीन लोपीस, सोळावा मजला.

हे निवेदन मी खरोखरच लिहिलं होतं. इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते हिंदी आणि इंग्रजीत गेलं, पण त्याची खरी शान मूळ मराठीत आहे, म्हणून इथे मूळ दिलं. त्याला चार अंगठे आले. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी न वाचताच 'काँग्रॅच्युलेशन्स' लिहिलं.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे जून. आज सकाळी लिफ्टमधून उतरलो, काचेचं दार ढकललं, आणि चष्म्यावर वाफ धरली. घरातल्या एसीत गार झालेल्या काचा बाहेरच्या दमट हवेत गेल्या की क्षणात पांढऱ्या होतात. समोरचं लगूनचं पाणी गेलं, खजुराची झाडं गेली, पार्किंगमधली स्वतःची गाडी गेली. माणूस आंधळ्यासारखा दोन हात पुढे करून उभा राहतो आणि नाकात समुद्राचा, डांबराचा आणि कोणाच्या तरी अत्तराचा उकडलेला वास शिरतो. इथला उन्हाळा असा येतो. तो आला, आणि माझा डावा गाल आपोआप वर गेला. गालाची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. त्याला तो दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवला होता.

त्या जूनमध्ये माझा धाकटा भाऊ बोना याचा अमेरिकेहून फोन आला. बोना तिकडे वीस वर्षं आहे. तिकडे हरणांच्या शिकारीचे परवाने सोडत काढून देतात, आणि त्याने आम्हा दोघांची नावं टाकली होती. दोन्ही निघाली. "दादा, सप्टेंबरमध्ये ये. पाच दिवस, वायोमिंगच्या माळावर, गाईड बरोबर. अँटीलोप आणि प्रेअरी डॉग!"

फोन स्पीकरवर होता. माझी बायको फिलू स्वयंपाकघरात बोंबील तळत होती. तेलाच्या आवाजातून तिला जे ऐकू गेलं ते तिने झारा हातात घेऊन दारात येऊन विचारलं. "कोणाचा प्यारी डॉग?"

"प्यारी नाही गं वहिनी, प्रेअरी," बोना म्हणाला.

"प्यारी असो नाहीतर कसा असो, कुत्र्याला का मारायचं?"

मग बोनाने समजावलं की तो कुत्रा नव्हेच. खारीच्या जातीचा प्राणी आहे, जमिनीत बिळं करून राहतो, आणि त्या बिळांत पाय अडकून गुरांचे पाय मोडतात म्हणून तिथले पशुपालक त्याला वैतागलेले असतात. पुढे मी त्याचे फोटो पाहिले. खार निवृत्त होऊन पेन्शन खाऊ लागली तर जशी दिसेल, तसा तो दिसतो. मागच्या दोन पायांवर उभा राहून, पोटावर हात ठेवून, समोरच्या बिळात काय चाललंय ते बघत असतो. आमच्या मजल्यावर असे तिघे आहेत.

अँटीलोप, म्हणजे ते तिकडचं हरीण, त्याचा घोटाळा याहून भारी झाला. आमची मुलगी रेनी तेव्हा सोळा वर्षांची होती. ती इंग्रजीतच जन्मली असावी असा मला संशय आहे. ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "डॅड, इट्स लिटरली अँटी-लोप. इट हेट्स अस." लोपीस घराण्याच्या विरोधात उत्क्रांत झालेला प्राणी! मला हे इतकं आवडलं की मी ऑफिसात, चर्चच्या अंगणात, भाजीच्या दुकानात सगळ्यांना सांगत सुटलो. रेनीने मैत्रिणीला सांगितलं. मैत्रिणीने घरी सांगितलं. घरी तिचा सात वर्षांचा भाऊ होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिफ्टमध्ये आम्ही सात जण होतो. फिलूच्या हातात भाजीच्या पिशव्या. तो मुलगा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "अंकल, इज इट ट्रू यू आर गोइंग टू शूट आंटी लोपीस?"

लिफ्टमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आमच्या इमारतीतल्या सगळ्या मुलांसाठी आंटी लोपीस म्हणजे फिलू. फिलूने पिशव्या या हातातून त्या हातात घेतल्या, गोड हसली आणि म्हणाली, "येस बेटा. इन सप्टेंबर."

बाराव्या मजल्याचं बटण दाबलेल्या एक बाई सातव्यालाच उतरल्या. वरचं जाहीर निवेदन त्या रात्रीचं आहे.

असा सगळा हसण्यावारी कारभार चालला असताना गाईडचं पत्र आलं. हा गाईड मी तोवर पाहिलेला नव्हता, पण पत्र वाचताना तो समोर उभा राहिला. चार ओळी. माझ्या माळावर जनावर एका गोळीत पडतं नाहीतर चालत घरी जातं. जखमी होऊन पळालेलं जनावर मी आयुष्यात दोनदा पाहिलंय, तिसऱ्यांदा पाहायचं नाही. तेव्हा प्रत्येकाने आपल्या गावच्या नेमबाजीच्या रेंजवर पन्नास मीटरवरून पाच गोळ्या झाडायच्या, त्यांतल्या चार बशीएवढ्या वर्तुळात बसल्या पाहिजेत, आणि तसा रेंजवाल्याच्या सहीचा कागद ऑगस्टअखेर माझ्याकडे यायला हवा. ज्याचा कागद येणार नाही त्याला बंदूक मिळणार नाही. त्याने निरीक्षक म्हणून आनंदाने यावं.

बोनाचा लगेच फोन. "दादा, टेन्शन नको घेऊस. नाही जमलं तर नाही. तू दुर्बीण धर, मी बंदूक धरतो. लहानपणी नाही का करायचो?"

तो प्रेमानेच बोलला. पण फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ बाल्कनीच्या काचेतून लगूनकडे बघत होतो. लहानपणी आम्ही काय करायचो ते त्याला आठवत होतं आणि मलाही आठवत होतं, फक्त आम्ही ते दोन वेगवेगळ्या टोकांनी पाहिलेलं होतं.

आमचं घर वसईचं, केळीच्या वाडीतलं. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की त्यांची सुकेळी होतात. मधासारखा रंग, दाताला चिकटणारी, आणि वास असा की तीन घरांपलीकडच्या माणसाला आपली नातीगोती आठवावीत. अंगणात बांबूच्या ताटीवर ती केळी मांडली की कावळे झाडांवर येऊन बसायचे. त्यांच्यासाठी बाबांकडे छर्‍याची बंदूक होती. कावळ्याला त्यांनी कधी मारलं नाही. गडग्यावर, म्हणजे वाडीच्या दगडी कुंपणावर, करवंटी ठेवायची, छर्‍याने ती उडवायची, आणि तो टणत्कार ऐकून कावळे समजून जायचे. घरातला पुरुष करवंटी उडवतो म्हणजे त्या घरात काही मिळायचं नाही.

मी नऊ वर्षांचा झालो तेव्हा बाबांनी बंदूक माझ्या हातात दिली. "डावा डोळा मीट. उजव्याने बघ." मी मिटला. उजवाही मिटला. "एकच मीट रे." मी एकच मिटत होतो, शपथेवर सांगतो, पण दुसरा त्याच्याबरोबर जायचा. बाबांनी माझा उजवा डोळा बोटांनी उघडून धरला, तर डावा उघडला. त्यांनी आठवडाभर प्रयत्न केला. शेवटी ते आईला म्हणाले, "याचे डोळे जोडीने झोपतात," आणि बंदूक पाच वर्षांच्या बोनाकडे दिली. बोनाने डोळा असा मिटला की जणू जन्मल्यापासून तो तेच करत होता. पहिली करवंटी उडाली. माझ्या हातात तेलाचा रिकामा डबा आला. बोनाने नेम धरायचा आणि मी डबा बडवायचा. पुढची सगळी वर्षं बोना आमच्या अंगणातला बंदूकवाला आणि मी डबेवाला.

बाबा वाईट नव्हते. ते हसत म्हणायचे, आणि मीही हसायचो. पण बाबा गेले, आणि ते वाक्य काही मागे घेतलं गेलं नाही.

म्हणून त्या जूनमध्ये, बावन्न वर्षांच्या वयात, ब्लड प्रेशरची गोळी घेऊन, मी एका डोळ्याने जग बघायला शिकायचं ठरवलं.

बाकीची तयारी फार थाटात झाली. इथल्या जुलैत, बाहेर गाडीचं स्टिअरिंग हाताला चटके देत असताना, मी मॉलमध्ये लोकरीचे हातमोजे मागितले. दुकानातल्या मुलीने आधी माझ्याकडे, मग बाहेरच्या उन्हाकडे आणि मग सिक्युरिटीकडे पाहिलं. जाड बूट पायांत रुळावेत म्हणून मी रोज सकाळी उजाडताना लगूनच्या काठाने चालायचो. शिकाऱ्याने भडक नारिंगी रंग घालायचा असतो, म्हणजे दुसरा शिकारी त्याला हरीण समजत नाही. असलं जाकीट विकत कशाला घ्यायचं? आमची कंपनी दुबईत ऑफिसं आणि हॉटेलं आतून सजवून देते, मी तिच्या प्रोक्युरमेंटमध्ये, म्हणजे खरेदी विभागात आहे, आणि आमच्या साइटवर नारिंगी जाकिटांचा ढीग असतो. एक उचललं. पहिल्याच सकाळी एका सभ्य गृहस्थांनी मला थांबवून हातातला रिकामा कप माझ्या हातात दिला. दुसऱ्याने बाकाखाली फुटलेली बाटली दाखवली. मी दोन्ही कचऱ्याच्या डब्यात टाकलं. तिसऱ्या दिवशी खरा सफाई कामगार, बिहारचा होता, माझ्याजवळ येऊन काळजीने म्हणाला, "नया है? बूट गलत दिया है तुमको."

पण बूट, हातमोजे, जाकीट ही सगळी वरात होती. नवरदेव म्हणजे डावा डोळा, आणि तो घोड्यावर बसायला तयार नव्हता.

शनिवारी सकाळी रेंज. तिथले उस्ताद थापा, नेपाळच्या फौजेतून निवृत्त झालेले, उंचीने लहान पण उभे राहिले की खोलीतली सगळी खुर्च्या-टेबलं सरळ झाल्यासारखी वाटायची. लहान बोअरची, म्हणजे बारीक नळीची रायफल, पुढे वाळूच्या पिशवीचा टेकू, पन्नास मीटरवर कागद.

"सर, लेफ्ट आँख बंद."

"बंद."

"सर, दोनों बंद है."

"एक खुली है, थापाजी."

"सर, मैं सामने खड़ा हूँ. मेरे को दिखता है."

दोन्ही उघडे ठेवून पाहिलं. कागदाचे दोन कागद झाले आणि मी शिष्टाचाराने दोघांच्या मधोमध गोळी घातली. मग थापांनी डाव्या डोळ्यावर पट्टी बांधायचा सल्ला दिला. फिलूने जुन्या स्कर्टच्या अस्तराची काळी पट्टी शिवली. ती लावून मी समुद्री चाच्यासारखा दिसायचो, आणि एक दिवस तशीच विसरून लाँड्रीत गेलो तेव्हा लाँड्रीवाल्याने इस्त्रीचे पैसेच मागितले नाहीत. पण डोळ्याला कोण सांगणार की पट्टी आहे? चाप ओढायची वेळ आली की तो पट्टीआड मिटायचाच, आणि जाताना उजव्याला हाताला धरून घेऊन जायचा. पहिल्या चार शनिवारांत माझी एक गोळी वर्तुळात बसली, आणि ती, थापांच्या मते, शेजारच्या लेनमधल्या बाईंची होती.

तेव्हा लक्षात आलं, सराव बंदुकीचा नाही, डोळ्याचा करायला हवा. आणि मराठीत एकच डोळा मिटणं म्हणजे डोळा मारणं. आता पन्नाशी ओलांडलेल्या, विवाहित, चर्चला जाणाऱ्या गृहस्थाने शारजात कोणाला डोळा मारावा?

घरी आरशासमोर सुरू केलं. रेनी टूथब्रश तोंडात धरून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "डॅड, यू आर नॉट विंकिंग. यू आर स्नीझिंग." ऑफिसात एकदा मीटिंगमध्ये नकळत प्रयत्न झाला. समोर फरशांचा सप्लायर बसला होता. प्रोक्युरमेंटच्या माणसाने सप्लायरसमोर डोळ्यांचे असले प्रकार करणं किती अर्थांनी वाईट, ते मला उशिरा सुचलं. दुसऱ्या दिवशी त्याने आपण होऊन भाव खाली आणला आणि वर खजुराचा डबा पाठवला. डबा मी परत केला. भाव ठेवून घेतला.

उरला दुबईहून शारजाला येतानाचा ट्रॅफिक. रोज सव्वा तास गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते, पुढे लाल दिव्यांची माळ, आणि आपला आरसा आपल्यासमोर. एवढी चांगली शाळा कुठे मिळायची? एका संध्याकाळी मी असाच आरशात बघून तोंड वेडंवाकडं करत होतो, तर शेजारच्या लेनमधल्या टॅक्सीची काच खाली आली. आत पेशावरकडचा, मेंदी लावलेल्या दाढीचा ड्रायव्हर. त्याने हात हलवून मला काच खाली करायला लावली. मी भीतभीत केली.

"भाईजान, तकलीफ है?"

"आँख मारना सीख रहा हूँ," मी खरं ते सांगितलं. आयुष्यात काही क्षण असे असतात की खरंच सगळ्यात खोटं वाटतं.

त्याने जराही आश्चर्य दाखवलं नाही. "ऐसे," तो म्हणाला आणि त्याने मला डोळा मारला. काय सांगू! पापणी रेशमी पडद्यासारखी आली आणि गेली. चेहऱ्याच्या इतर प्रजेला पत्तासुद्धा लागला नाही. मला क्षणभर बोनाच आठवला. "यल्ला, गाड़ी चल पड़ी," म्हणत तो पुढे सरकला, आणि मी मागच्यांचे हॉर्न ऐकत तिथेच राहिलो.

त्या रात्री जेवताना हे सांगितल्यावर रेनी हसून टेबलाखाली गेली. फिलू मात्र हसली नाही. ती ताटातला काटा बाजूला काढत म्हणाली, "हरणासाठी एवढं करतोयस."

मला ठाऊक होतं ती कशाबद्दल बोलतेय. पंचवीस वर्षांपूर्वी गावाकडच्या एका लग्नात, बँड जोरात वाजत असताना, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला निळ्या फ्रॉकमधली एक मुलगी उभी होती. तिने माझ्याकडे बघून डोळा मारला. भर मांडवात, मुलीने, मला! आता उत्तर द्यायला हवं होतं. मी जिवाच्या आकांताने डोळा मारला, आणि अर्थातच दोन्ही मिटले. बरं, घाबरून ते मी मिटलेलेच ठेवले. उघडले तेव्हा ती दिसेनाशी झाली होती. पुढे लग्न ठरल्यावर तिने सांगितलं, "मला वाटलं, मी दिसले म्हणून हा प्रार्थनेला लागला." लग्नानंतर ती वर्षातून एकदा तरी, वाढदिवसाला म्हणा, ईस्टरला म्हणा, माझ्याकडे बघून डोळा मारते आणि थांबते. मी दोन्ही मिटतो. ती म्हणते, "आमेन." आमच्या घरातला हा सगळ्यात जुना विनोद. पण त्या रात्री पहिल्यांदाच मला वाटलं की विनोद माझा आहे, वाट बघणं तिचं आहे.

ऑगस्ट निम्मा झाला. आणि मग साइटवर मला यशवंत मिस्त्री सापडला.

यशवंत लांज्याचा, फरशी बसवणारा. बायकामुलं गावाला, हा इथे दुबईतल्या सोनापूरच्या कामगारवस्तीत, एका खोलीत आठ जणांत. मी फरशांची मोजणी बघायला गेलो होतो. लांबलचक कॉरिडॉरच्या टोकाला तो पोटावर पालथा पडला होता, समोर ताणलेली दोरी, गाल जमिनीला, आणि एक डोळा मिटून ओळ सरळ आहे का ते बघत होता. हुबेहूब शिकारी. मी तिथेच फरशीवर बसलो.

"यशवंत, तू डोळा कसा मिटतोस?"

तो उठून बसला. साहेबाला ऊन लागलं असणार, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मग मी त्याला हरीण, गाईड, बशी, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "करून दाखवा." मी करून दाखवलं. त्याने माझ्या तोंडाभोवती फिरून, भिंत बघावी तसं बघितलं.

"सायेब, तुमी डोळा मिटताय. डोळा मिटायचा नाय. गाल उचलायचा. गाल वर गेला की डोळा आपसूक झाकतो. वरचं छप्पर कशाला ओढताय, खालची भिंत चढवा की."

"गाल उचलायचा कसा?"

"हसताना उचलतो तसा. पण अर्धाच."

"अर्धं हसायचं?"

"हां. आता बघा, मॅनेजर काय तरी बोलतो. आपल्याला पटलेलं नाय. पण मॅनेजर हाय. तेव्हा आपण कसं हसतो? तसं."

अहो, यात मला तीस वर्षांचा सराव होता! मी आमच्या मॅनेजरला डोळ्यांसमोर आणलं, त्याच्या मागच्या महिन्यातल्या भाषणासकट. डावा गाल वर गेला. डावीकडचं जग हळूच काळं झालं. उजवीकडे यशवंत होता, दोरी होती, आणि फरशीची ओळ दूरवर सरळ गेलेली होती. सरळ! मी बावन्न वर्षांत पहिल्यांदा एका डोळ्याने काहीतरी पाहत होतो. बाकीच्या जगाला थोडा वेळ रजा देऊन एकाच गोष्टीकडे बघायचं म्हणजे नेम, एवढी साधी गोष्ट मला कोणी सांगितलीच नव्हती. मी आपला आयुष्यभर दोन्ही डोळ्यांनी सगळंच बघत आलो, आणि घाबरलो की सगळंच बंद करत आलो.

"जमलं की वो!" यशवंत म्हणाला आणि परत पालथा पडला. त्याची ओळ राहिली होती.

लोक मला विचारतात, वायोमिंगला काय झालं? मी त्यांना फोटो दाखवतो. पिवळ्या गवताचा संपता न संपणारा माळ, बोना, मी, मधे शिंगांचं हरीण, आणि मागे एका बिळाशी पोटावर हात ठेवून उभा असलेला एक प्यारी डॉग, ज्याला आमच्यापैकी कोणीही काही केलं नाही. गाईडने टोपी काढलेली आहे. हरणाजवळ गेल्यावर तो टोपी काढतो आणि मिनिटभर कोणाला बोलू देत नाही. ते मिनिट मी अजून जपून ठेवलंय, त्यात विनोद बसत नाही. पण त्या फोटोत मी बंदुकीच्या बाजूला उभा आहे की दुर्बिणीच्या, ते तिथे ठरलं नाही. ते इथे शारजात, ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी ठरलं.

त्या दिवशी फिलू आणि रेनी दोघी आल्या. रिसेप्शनला भली मोठी काच आहे, तिच्यामागे बसून आतलं दिसतं. रेनीने जाहीर केलं होतं की ती फक्त एसीसाठी येतेय. पुढच्या सोफ्यावर आपल्या पाळीची वाट बघत एक अरब आजोबा आणि त्यांचे दोन नातू. आत मी, थापा, आणि कानांवर आवाज अडवणारे जाड इअरमफ. ते लावले की जग बंद होतं आणि स्वतःचा श्वास दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा मोठ्याने ऐकू येतो.

पहिली गोळी. मॅनेजर आठवला, गाल वर, आत. थापांनी बोट दाखवलं, एक. दुसरीही आत. तिसऱ्या वेळी कुठून कोण जाणे सुकेळ्यांचा वास आला, आणि मागून आवाज आला, याचे डोळे जोडीने झोपतात. दोन्ही मिटले. गोळी कागदाच्याही बाहेर गेली. थापांनी काहीच दाखवलं नाही. चौथी, यशवंतची दोरी डोळ्यांसमोर ताणून, आत. तीन झाल्या. एक गोळी उरली होती, आणि ती आत गेली नाही तर माझ्या हातात पुन्हा डबा येणार होता.

आणि मॅनेजर येईना. तीस वर्षांत पहिल्यांदा मला मॅनेजरची गरज होती आणि त्याचा चेहरा आठवत नव्हता. गाल दगडासारखा. मी बंदूक खाली ठेवली, श्वास घेतला, आणि काचेकडे एकदा बघितलं. फिलू पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांत धरून बसली होती. रेनीने तिचा दंड घट्ट धरला होता, एसीसाठी आलेल्या रेनीने. आणि मला ती लिफ्ट आठवली. ते सात वर्षांचं पोर, त्या वळलेल्या माना, सातव्यालाच उतरलेल्या बाई, आणि भाजीच्या पिशव्या सावरत 'येस बेटा, इन सप्टेंबर' म्हणणारी आंटी लोपीस.

हसू आलं. अर्धंच आलं, कारण बाकीचं अर्धं मी दाबून धरलं. डावा गाल आपल्या आपण वर चढला, डावीकडचं सगळं शांत झालं, आणि उजव्या डोळ्यासमोर पन्नास मीटरवरचं ते वर्तुळ उरलं, गडग्यावर ठेवलेल्या करवंटीएवढं. मी चाप ओढला.

थापांनी दुर्बिणीला डोळा लावला. लावूनच ठेवला. मग सरळ झाले, मला कडक सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले, "सर, चार अंदर." खिशातून पेन काढून त्यांनी कागदावर सही केली, खाली तारीख घातली, आणि तारखेखाली दोन रेघा मारल्या.

मी इअरमफ काढले. कागद हातात घेऊन रिसेप्शनचं दार ढकललं. आतल्या गारव्याने या वेळी चष्म्यावर वाफ धरली नाही, सगळं लख्ख दिसत होतं. फिलू उभी राहिली होती. तिला वाटलं मी कागद दाखवणार. कागद मी पाठीमागे धरला, खोलीच्या मधोमध उभा राहिलो, त्या अरब आजोबांसमोर, त्यांच्या नातवांसमोर, स्वतःच्या मुलीसमोर, गाल उचलला, आणि माझ्या बायकोला डोळा मारला. एकच. डावा.

फिलूच्या हातातली पर्स खाली पडली, आणि ती सगळ्या रेंजला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "मेल्या, पंचवीस वर्षं लावलीस!"